तीन रात्रींचा धनी

धानाच्या रोवणीत पायाला काही लागलं तर ते लगेच कळत नाही. बांधीतला चिखल गार असतो, हातात पऱ्ह्यांची पेंडी असते आणि पायाकडे बघायला कुणाला सवड नसते. शुगर जुनी असली तर ते संध्याकाळी घरी आल्यावरही कळत नाही, कारण तळव्याची जाणीव आधीच गेलेली असते. भंडारा जिल्ह्यातल्या अशाच एका पायाची फाईल आमच्या घरी आली. बायको वकील, ग्राहक आयोगात तिची कामं चालतात. वडील सरकारी दवाखान्यांत नोकरी करून निवृत्त झालेले डॉक्टर. मी शाळामास्तर. फाईल एक आणि वाचणारे दोघे, तेव्हा भांडण अटळ होतं. रुग्णाचं गाव, दवाखान्याचं नाव आणि तारखा मी गाळल्या आहेत. ओळख पटू नये म्हणून एक-दोन तपशील बदललेही आहेत.

हकीकत थोडक्यात अशी. पन्नाशीचा शेतकरी, दोन एकर धान, कित्येक वर्षांचा मधुमेह, गोळ्या जमतील तशा. रोवणीनंतर पायाच्या बोटांच्या बेचक्यात पांढरं दिसायला लागलं. घरच्यांनी चिखल्या समजून हळद-तेल लावलं. गावातल्या डॉक्टरनं इंजेक्शन दिलं आणि तीन दिवसांच्या कॅप्सूल. मग प्राथमिक आरोग्य केंद्रात मलमपट्टी झाली. त्या दिवशी वैद्यकीय अधिकारी शिबिराला गेले होते. पाऊल सुजून चप्पल जाईना तेव्हा तालुक्याच्या खासगी रुग्णालयात भरती केलं. तिथे सलाईन, अँटिबायोटिक, इन्शुलिन, सगळं सुरू झालं. सर्जन मात्र बाहेरगावाहून ठरल्या वारी येणारे. त्यांची वाट पाहण्यात तीन रात्री गेल्या. चौथ्या दिवशी सर्जन आले, पट्टी सोडली आणि म्हणाले, आत्ताच्या आत्ता नागपूरला न्या. तिथल्या मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, त्याच रात्री गुडघ्याखालून पाय कापावा लागला. माणूस वाचला.

दावा त्या तीन रात्रींचा आहे.

डॉक्टर – चुकीच्या दारात बसून राहिली तू, बाई. रोवणीपासून भरती होईपर्यंत किती दिवस गेले ते मोज. हळदीत गेले, कॅप्सूलमध्ये गेले, शिबिरात गेले. तुझ्या अशिलाला ते दिवस दिसत नाहीत. त्याला फक्त शेवटचं दार दिसते. काहून? कारण त्या दारावर पाटी आहे आणि तिथे पैसे भरल्याची पावती आहे.

वकील – पावती आहे म्हणूनच तर तो माझ्याकडे येऊ शकला, मामाजी. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयानं इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्यात आणली, पण सगळ्यांनाच फुकट सेवा देणारे दवाखाने त्यातून वगळले. आपल्या राज्यात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले. चांगलं झालं. पण आरोग्य केंद्राला आयोगात ओढायचं म्हटलं, तर समोरचा वकील पहिलाच आक्षेप हा घेतो की पैसे दिले नाहीत, म्हणजे हा ग्राहक नाही.

डॉक्टर – म्हणजे गरिबाला दवाखाना फुकट आणि तक्रार महाग.

वकील – दिवाणी कोर्टाचं दार उघडं आहे. सरकारवरही जबाबदारी येते. औरंगाबादचं प्रकरण आहे ना. १९६३ साली तिथल्या सरकारी रुग्णालयात कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेत एका बाईच्या पोटात टॉवेल राहिला, ती गेली. अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य. सरकारनं भरपाई द्यावी असं सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं.

डॉक्टर – कधी ठरवलं?

वकील – १९९६ साली.

डॉक्टर – तेहतीस वर्षं! आणि तू तीन रात्रींचा उशीर मोजायला निघाली.

माझी बायको सहसा हरत नाही, पण या जागी ती नेहमी गप्प होते. आकडे तिलाही पाठ आहेत. आपल्याकडच्या वैद्यकीय निष्काळजीपणाच्या कायद्याचा पाया ज्या खटल्यानं घातला तोही महाराष्ट्रातलाच, लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले. मे १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर एका तरुणाचं मांडीचं हाड मोडलं. पुण्याला आणल्यावर भूल न देता हाड ओढून बसवलं गेलं आणि त्याच दिवशी रात्री तो वारला. निकाल १९६८ चा, भरपाई ३,००० रुपये. डॉक्टरची तीन कर्तव्यं त्या निकालात सांगितली आहेत: रुग्ण हाती घ्यायचा की नाही हे ठरवताना काळजी, कोणता उपचार द्यायचा हे ठरवताना काळजी आणि तो देताना काळजी. पुढचे सगळे वकील त्यांतलं दुसरं नि तिसरं घेऊन भांडतात. आमच्या घरातलं भांडण मात्र पहिल्यावर आलं.

वकील – तुम्ही म्हणता गावातल्या डॉक्टरला धरा. धरते. १९९६ च्या पूनम वर्मा खटल्यात मुंबईतल्या होमिओपॅथी डॉक्टरला न्यायालयानं सोडलं नाही. जी पद्धत शिकला नाही तिची औषधं दिली, एवढंच निष्काळजीपणाला पुरेसं मानलं आणि ३ लाखांची भरपाई लावली. पण तिथे त्याची पदवी कागदावर होती, औषधं कागदावर होती. इथे गावातल्या डॉक्टरनं एक चिठ्ठीसुद्धा दिली नाही. कॅप्सूल पुडीत बांधून दिल्या. त्यानं काय दिलं हे सिद्ध कसं करू?

डॉक्टर – म्हणजे ज्यानं लिहिलं तो फसला आणि ज्यानं काहीच लिहिलं नाही तो सुटला.

वकील – हो.

डॉक्टर – मग हा कायदा डॉक्टरांना काय शिकवते? कमी लिहा.

वकील – नाही मामाजी. ज्याला लिहायला शिकवलं आहे त्यानं लिहिलं नाही, तर ते त्याच्याच अंगावर येतं. पुडीवाल्याचं तसं नाही. त्याला धरायला आयोग पुरत नाही, तालुक्याचे अधिकारी लागतात, आणि ते कधी येतात ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

बाबा हसले. तालुक्यात झोलाछाप डॉक्टर कोण हे ज्याला ठाऊक नाही असा माणूस आपल्याकडे सापडणार नाही. आणि रात्री अकरा वाजता लेकराला ताप आला की दार उघडतं ते त्याचंच, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. ही बाजू मी इथे वाढवत नाही, तिच्यावर वेगळा लेख होईल.

पायाबद्दल बाबा बोलायला लागले तेव्हा त्यांचा आवाज बदलला.

डॉक्टर – शुगरच्या माणसाचा पाय कसा जाते ते आधी समजून घे. दुखणं ही देवानं दिलेली घंटा आहे. याच्या पायातली ती घंटा बंद पडलेली. खिळा घुसला तरी चालत राहते. रक्त नीट पोचत नाही, साखरेत जंतू माजतात. चिखल्यांनी बोटांच्या मधली कातडी फाटलेली असते, तिथून आत जायला वाट मिळते. आपल्या जिल्ह्यात हत्तीरोगही आहे. हत्तीपायाच्या रुग्णाला आरोग्य खातं टब, मग, साबण, टॉवेल देते. पाय रोज धुवा, बेचक्या कोरड्या करा, असं आशाताई घरी येऊन शिकवते. त्यामुळे त्या माणसाला आपल्या पायाकडे बघायची सवय लागते. शुगरच्या माणसाला काय मिळते? गोळ्यांची पट्टी. त्याचा पाय कुणी उचलून पाहिला नसते.

वकील – बरोबर आहे. पण तो रुग्णालयात आल्यावर तर पाहायला हवा होता?

डॉक्टर – पाहिला ना! सूज होती, लाली होती, भरती केलं. अँटिबायोटिक शिरेतून दिलं, साखर आणली खाली. मी असतो तरी पहिल्या रात्री हेच केलं असतं. असे कितीतरी पाय औषधावर उतरतात. प्रत्येक सुजलेल्या पायाला सर्जन लागत नाही. डॉक्टरनं एक मार्ग निवडला आणि तो फसला, तर तो गुन्हा नाही. हे मी नाही, तुमचंच न्यायालय म्हणते. २००५ चा जेकब मॅथ्यू. वाजवी कौशल्याच्या डॉक्टरनं जे केलं असतं ते केलं की नाही, एवढंच पाहायचं.

वकील – ते मान्यच आहे. मीही फौजदारीत जायला सांगितलं नाही. त्याच निकालानं फौजदारीसाठी घोर निष्काळजीपणा लागतो म्हटलं, आणि आधी त्याच शाखेतल्या दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या म्हटलं. पोलिसांत जाऊन पाय परत येत नाही. माझा प्रश्न पहिल्या रात्रीचा नाहीच. दुसऱ्या रात्रीचा आहे.

डॉक्टर – मग मुंबईचं प्रकरण वाच. बॉम्बे हॉस्पिटलचं.

हे प्रकरण दोघांनीही वाचलं होतं. बाबांनी ते तुरुपासारखं टाकलं. एप्रिल १९९८ मध्ये त्या रुग्णालयात एक रुग्ण दाखल झाला. पोटातली महाधमनी फुगून तिच्यातून रक्त झिरपत होतं. शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर त्याचे पाय गार पडले, संवेदना गेली. रक्तवाहिन्यांची तपासणी करणारं यंत्र नेमकं बंद होतं. पुन्हा शस्त्रक्रिया करायची तर थिएटर रिकामं नव्हतं. गँगरीन झालं आणि १२ जून १९९८ ला रुग्ण वारला. घरच्यांची तक्रार उशिराचीच होती. राष्ट्रीय ग्राहक आयोगानं ती मान्य करून १४,१८,४९१ रुपये व्याजासह द्यायला सांगितलं. ३० नोव्हेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं तो आदेश रद्द केला. डॉक्टरनं सतत खाटेजवळ बसून राहावं अशी अपेक्षा करता येत नाही. यंत्र बंद पडणं किंवा थिएटर दुसऱ्या रुग्णासाठी चालू असणं हा निष्काळजीपणा नाही. रुग्ण आधीच गंभीर होता. मधल्या काळात घरच्यांना मिळालेले ५ लाख परत मागू नयेत, ते सानुग्रह समजावेत, एवढंच न्यायालयानं ठेवलं.

डॉक्टर – पायातलं रक्त थांबलं तर स्नायू साधारण सहा तास तग धरते. तरी मुंबईतल्या एवढ्या मोठ्या रुग्णालयात थिएटर मोकळं नव्हतं हे न्यायालयानं समजून घेतलं. आणि तू आमच्या तालुक्याच्या दवाखान्याला म्हणते, सर्जन काहून नव्हता?

वकील – मी ते म्हणतच नाही. सर्जन नव्हता हा दोष नाही. तालुक्यात सर्जन नसणं हे आपलं नेहमीचं हवामान आहे. पण त्या मुंबईच्या निकालात बघा, तिथल्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या, एक यंत्र बंद तर दुसरी तपासणी केली, जे हाताशी होतं ते सगळं करून पाहिलं. न्यायालय म्हणालं, शक्य ते केलं. इथे काय केलं? सर्जनचा वार येईपर्यंत थांबले. भंडाऱ्यात जिल्हा रुग्णालय आहे. पुढे साठेक किलोमीटरवर नागपूर, तिथे मेडिकल आहे, मेयो आहे. १०८ ला फोन केला असता तर गाडी आली असती. रुग्ण आपल्याकडे ठेवायचा की पाठवायचा, हे गोडबोले निकालातलं पहिलं कर्तव्य. तुम्ही त्याला उपचाराची निवड म्हणता. मला त्यात निवड कुठे दिसतच नाही. कुणी काही निवडलंच नाही, दिवस जात राहिले.

डॉक्टर – आणि पाठवला असता तर? पाठवलं की लोक म्हणतात टोलवलं. ठेवलं की म्हणतात अडवलं. तू असे चार दावे जिंकले की उद्या तालुक्यातला प्रत्येक डॉक्टर प्रत्येक पाय नागपूरला पाठवेल. मेडिकलच्या कॅज्युअल्टीत जमिनीवर गाद्या टाकाव्या लागतात. तिथे रात्रीचा एक निवासी डॉक्टर चाळीस पाय कसे पाहील? खरोखर सडणारा पाय त्या रांगेत मागे पडेल. तो उशीर मग कोणाच्या नावावर?

हा मुद्दा मला सगळ्यांत खरा वाटला, आणि त्याला बायकोकडे नीट उत्तर नव्हतं. ती म्हणाली, सगळे पाय पाठवा असं नाही, बिघडणारे पाठवा. बाबा म्हणाले, बिघडणारा कोणता हे आधी कळलं असतं तर वैद्यकशास्त्र कशाला हवं होतं? मग ते स्वतःच थांबले. कारण कळतं. त्यांनीच समजावून सांगितलं.

डॉक्टर – लालीच्या कडेनं पेनानं रेघ ओढायची. बाजूला वेळ लिहायची. काही तासांनी परत पाहायचं. लाली रेघेच्या बाहेर गेली म्हणजे औषध हरून राहिलं. जखमेच्या कडेपासून दोन सेंटिमीटरच्या पुढे लाली गेली की संसर्ग साधा राहिला नाही. सळई जखमेत घालून हाडाला लागते का पाहायचं. ताप ३८ च्या वर, नाडी ९० च्या वर, श्वास २० च्या वर, पांढऱ्या पेशी १२,००० च्या वर, यातलं दोन दिसलं की विष अंगात चढलं समजायचं. शुगरवाल्याला कधीकधी ताप येतच नाही, म्हणून नाडीवर लक्ष. आणि फोड काळा पडला, दाबल्यावर करकर लागलं, तर मग अँटिबायोटिकची वाट पाहायची नसते. मेलेल्या मांसात रक्त जात नाही, तर औषध कुठून जाईल? ते कापूनच काढावं लागते, तेही काही तासांत.

वकील – आता हे पान बघा.

तिनं टीपीआरचा चार्ट पुढे सरकवला. पहिली रात्र: ताप नाही, नाडी ८८, बीपी १३०/८०. दुसरी रात्र: ताप नाही, नाडी ८८, बीपी १३०/८०. तिसरी रात्र: तेच. एकाच निळ्या शाईत, एकाच हातानं.

डॉक्टर – अठ्ठ्याऐंशी. नव्वदच्या आतच.

वकील – तिन्ही रात्री?

बाबांनी चष्मा काढून पुसला.

डॉक्टर – असे चार्ट कसे भरले जातात ते मला माहीत आहे. रात्री एक नर्स असते. वीस खाटा. एक बाळंतपण चालू. सकाळी राउंडच्या आधी ती बसून सगळ्यांचे रकाने भरते. तू तिला पिंजऱ्यात उभी करशील. २०२१ चा जानेवारी आठवते ना? जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली, दहा लेकरं गेली, सात वाचली. त्यानंतर काय झालं? शल्यचिकित्सक निलंबित, आणि कंत्राटी नर्सा घरी. खालचं नाव नेहमी लवकर सापडते.

वकील – म्हणून मी दाव्यात नर्सचं नाव घेतलं नाही. मालक आणि तिथे भरती करून घेणारे डॉक्टर, एवढेच. एका नर्सवर वीस खाटा टाकणं हा नर्सचा निष्काळजीपणा कसा? तो ठेवणाऱ्याचा. पण मामाजी, चार्ट खोटा आहे एवढ्यानं माझं काम होत नाही. पाय खराच त्या रात्री बिघडत होता हे दाखवावं लागेल. नोंदीत तर सगळं ठीक आहे.

इथे ती अडकली होती, आणि हे तिनं आधीही मला सांगितलं होतं. अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या बहुतेकांना ती परत पाठवते. कारण दयेचा अभाव नाही, कागदाचा अभाव. इंडियन मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे दवाखान्यानं नोंदी तीन वर्षं ठेवायच्या असतात आणि रुग्णानं मागितल्यापासून ७२ तासांत द्यायच्या असतात. पण मागायच्या असतात हे कुणाला ठाऊक नसतं. लोक डिस्चार्ज कार्ड घेऊन येतात, त्यावर औषधांची यादी असते आणि खाली सही. दोन वर्षांची मुदत त्यातच निघून जाते. या माणसाच्या मुलीनं मात्र अर्ज देऊन सगळी फाईल घेतली होती, लॅबच्या चिठ्ठ्यांसकट.

त्या चिठ्ठ्या बाबांनी एक-एक करून पाहिल्या. वकिलानं त्या पाहिल्या होत्या, पण डॉक्टरच्या नजरेनं नाही.

डॉक्टर – हे बघ. पांढऱ्या पेशी. पहिल्या दिवशी चौदा हजार. ठीक आहे, औषध सुरू केलं. ही दुसऱ्या दिवशी सायंकाळची चिठ्ठी. एकवीस हजार. यंत्रानं वेळ छापली आहे, ६ वाजून १० मिनिटं.

वकील – म्हणजे?

डॉक्टर – औषध चालू असताना आकडा दीडपट झाला. पाय औषधाला दाद देऊन नाही राहिला. त्या सायंकाळी कुणीतरी पट्टी सोडून पाहायला पाहिजे होती, आणि सर्जन नव्हता तर त्याच रात्री गाडीत घालायला पाहिजे होता. ही चिठ्ठी वाचली कुणी? कोपऱ्यात सही नाही. लॅबमधून आली आणि फाईलला टोचली.

वकील – दुसऱ्या सायंकाळी पाठवला असता तर पाय वाचला असता?

डॉक्टर – हे मला विचारू नको.

वकील – मला विचारणार आहेत. इंग्लंडमधलं एक जुनं प्रकरण समोरचे वकील काढतात. तेरा वर्षांचा मुलगा झाडावरून पडला, रुग्णालयाला कमरेजवळची इजा पाच दिवस कळली नाही, नितंबाचा सांधा कायमचा खराब झाला. खालच्या कोर्टानं म्हटलं, वेळेवर कळलं असतं तरी वाचायची शक्यता २५ टक्केच होती, म्हणून नुकसानीचे २५ टक्के द्या. १९८७ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं तेही काढून घेतलं. निम्म्याहून जास्त शक्यता दाखवता आली नाही, तर त्या नुकसानीचं काही नाही. उशीर मान्य, चूक मान्य, हातात भोपळा.

डॉक्टर – मग ऐक. अख्खा पाय जसाच्या तसा राहिला असता असं मी म्हणणार नाही. बोटं गेली असती. कदाचित पुढचं अर्धं पाऊल. पण टाच राहिली असती असं मला वाटते. निम्म्यापेक्षा जास्त वाटते. दुसऱ्या सायंकाळी सूज घोट्याच्या खाली होती, ते डॉक्टरच्याच नोंदीत आहे. टाच असलेला माणूस बांधीच्या धुऱ्यावरून चालत जाते. गुडघ्याखालून गेलेल्याला सगळं नव्यानं शिकावं लागते, तेही पन्नाशीत.

एवढं बोलून ते उठून गेले आणि पाणी पिऊन परत आले. त्यांची बाजू त्यांनीच कमजोर केली होती, हे त्यांना कळलं असणार. पण मला त्यात हार दिसली नाही. इतका वेळ ते दवाखान्याचा बचाव करत होते, कारण सून दवाखान्यावर हल्ला करत होती. चिठ्ठी हातात आल्यावर समोर पाय आला, आणि पायापुढे त्यांना बाजू राहिली नाही. बायकोचंही तसंच. आठवडाभर ती ‘तीन रात्री’ म्हणत होती. आता तिच्या वहीत पहिली रात्र खोडलेली होती. पहिल्या रात्री दवाखान्यानं जे केलं ते बरोबर, हे तिनं मान्य केलं. दाव्याचा काटा दुसऱ्या सायंकाळच्या सहा वाजून दहा मिनिटांवर येऊन थांबला. न्यायनिवाड्यांच्या पुस्तकांनी हे केलं नाही, लॅबच्या यंत्रातल्या घड्याळानं केलं.

वकील – मामाजी, हे सगळं तुम्ही लेखी द्याल? साधा मुद्दा असला तर आयोगाला दरवेळी तज्ज्ञाचं मत लागत नाही, २०१० च्या किशन राव निकालात तसं आहे. पण हा पाय साधा नाही. डॉक्टरचं मत नसेल तर मी पहिल्याच तारखेला अर्धी हरते. आणि जिल्ह्यातला एकही डॉक्टर दुसऱ्याविरुद्ध लिहायला तयार नाही.

डॉक्टर – काहून तयार होतील? उद्या त्यांनाही त्याच सर्जनला बोलवायचं असते. आणि मी तर तुझा सासरा. समोरचा वकील म्हणेल, घरचंच प्रमाणपत्र.

वकील – म्हणू दे. नाहीतर तुमच्या ओळखीतला नागपूरचा एखादा निवृत्त सर्जन सांगा, मसुदा तुम्ही करून द्या.

डॉक्टर – मसुदा मी देतो. पण एक परिच्छेद त्यात राहील. तालुक्याला पूर्णवेळ सर्जन नाही, ग्रामीण रुग्णालयात ते पद भरलं जात नाही, म्हणून खासगी दवाखाना बाहेरच्या सर्जनच्या वारावर चालते. आणि आरोग्य केंद्रात त्या दिवशी कुणी हा पाय पाहिला असता तर ही फाईलच झाली नसती. हेही लिहीन.

वकील – तो परिच्छेद समोरचा वकील सगळ्यांत आधी वाचून दाखवेल. दोष व्यवस्थेचा आहे, आमचा नाही, असं म्हणून मोकळा होईल. तुम्ही माझ्या हातात चिठ्ठी दिली आणि त्याच्या हातात दार.

डॉक्टर – खोटं आहे का ते?

वकील – खोटं नाही. पण माझ्या दाव्यात सरकार पक्षकार नाही.

डॉक्टर – तो तुझ्या कायद्याचा प्रश्न आहे, बाई. माझ्या मतात दोन्ही राहतील, सहा वाजून दहा मिनिटंही आणि तो परिच्छेदही. एक पाहिजे तर दुसरं घ्यावं लागेल.

ती वहीत काहीतरी लिहीत होती. ‘परिच्छेद शेवटी टाकला तर चालेल?’ तिनं विचारलं. बाबा म्हणाले, ‘नाही. सुरुवातीला.’